वाचकांचे प्रश्न : रामबागेतल्या न्यूटचे आजारपण

या सदराकडे येणारी पत्रे बहुधा कुत्री, मांजरे आणि गोल्डफिश यांच्याविषयी असतात. या महिन्यात मात्र एकट्या इंदुरातून न्यूटविषयी, म्हणजे पालीसारख्या दिसणाऱ्या पाण्यातल्या एका उभयचर प्राण्याविषयी, चार पत्रे आली. त्यांतले पहिले पत्र इतक्या बारकाईने लिहिलेले आहे की, या खेपेची बहुतेक जागा आम्ही त्यालाच दिली आहे.

प्रश्न : माझे वय सहासष्ट असून मी रामबागेत, आमच्या जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर राहते. फेब्रुवारीत नातू नोकरीसाठी पुण्याला गेला आणि जाताना आपली चाळीस लिटरची काचेची टाकी व तिच्यातला न्यूट माझ्या स्वाधीन करून गेला. हा प्राणी माझ्या मधल्या बोटाएवढा लांब, पाठीने काळा आणि पोटाने शेंदरी असून पोटावर काळे ठिपके आहेत. दोन महिने त्याचे उत्तम चालले होते. एप्रिलमध्ये चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बायका येणार म्हणून मी टाकी पूर्ण उपसली, खडे घासून घेतले, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून स्वच्छ पाणी येईपर्यंत पिळला आणि नर्मदेचे ताजे पाणी भरले. पाच-सहा दिवसांत पाणी धुरकट दिसू लागले, तेव्हा आई रांजणात फिरवीत असे तशी तुरटी दोनदा फिरवली. त्यानंतर न्यूटने खाणे सोडले, त्याला आज नऊ दिवस झाले. तो सारखा काचेवर चढून बाहेर येऊ पाहतो, नाही तर एका कुशीवर कलून तरंगत राहतो. परवा त्याच्या मागच्या उजव्या पंजाला कापसासारखा पांढरा पुंजका दिसला, म्हणून चिमूटभर हळद पाण्यात टाकली. मासे विकणाऱ्या दुकानदाराने निळ्या औषधाची बाटली दिली आहे, पण तिच्यावर केवळ माशांची चित्रे असल्याने ती अजून उघडलेली नाही. पाणी किती तापले आहे हे पाहण्यासाठी तापाचा थर्मामीटर बुडवला, तर पारा हललाच नाही. नातवाला मी अजून काही कळवलेले नाही. काय करावे? ता. क. : टाकीतले बदललेले पाणी मी तुळशीला घालते, ते योग्य आहे ना?
एक आजी, रामबाग

उत्तर : आजी, ती बाटली आपण उघडली नाही हे फार चांगले केलेत, तिच्याकडे पुढे येऊच. पत्र मिळताच आम्ही आपणांस दूरध्वनी करून टाकीत लावायचा साधा थर्मामीटर आणि अमोनियाची चाचणी या दोन वस्तू आणावयास सांगितल्या होत्या. तापाच्या थर्मामीटरची पट्टी ३५ अंशांपासून सुरू होते. पारा हलला नाही याचा अर्थ पाणी त्याहून थंड आहे एवढाच, आणि न्यूटच्या जिवाची तगमग त्याच्या पुष्कळ खाली सुरू झालेली असते. आपण कळवलेले आकडे असे : पहाटे २८ अंश, दुपारी चारला ३१ अंश आणि अमोनिया लिटरला सुमारे १ मिलिग्रॅम. या तीन आकड्यांतच बहुतेक सारे दुखणे आले. पंजावरचा पुंजका त्याच्या मागून आलेला आहे.

वर्णनावरून हा चिनी फायर-बेलीड न्यूट, म्हणजे सायनॉप्स ओरिएंटॅलिस असावा. पुष्कळ जण त्याला पाण्यातली पाल समजतात, परंतु तो बेडकासारखा उभयचर आहे. पूर्व चीनमधली तळी, भातखाचरे आणि संथ ओढे हे त्याचे घर, आणि १५ ते २० अंश हे त्याला मानवणारे तापमान. पाणी २४-२५ अंशांच्या वर गेले की त्याची अन्नावरची वासना उडू लागते, आणि ३१ अंशांत तो नुसता तग धरून असतो. शिवाय उभयचराची कातडी म्हणजे अंगावरचे निव्वळ पांघरूण नसते. न्यूट तोंडाने पाणी पीत नाही, ते कातडीने शोषतो, आणि प्राणवायूचाही मोठा वाटा कातडीतूनच घेतो. त्यामुळे पाण्यात जे काही पडेल, मग तो क्लोरीन असो, तुरटी असो की कोणी सद्भावनेने टाकलेले औषध असो, ते त्याच्या रक्तापर्यंत जाऊन पोहोचते. म्हणून न्यूट आजारी पडला असे कोणी सांगितले की, मी आधी पाण्याची चौकशी करतो.

आपल्या टाकीत घडले ते असे. न्यूटच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या खाद्यातून प्रत्येक टाकीत अमोनिया तयार होतच असतो. फिल्टरच्या स्पंजावर वाढणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग पुष्कळ अंशी निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. असा स्पंज हाताला बुळबुळीत लागतो आणि कोणत्याही टापटिपीच्या बाईला तो मळच वाटणार. परंतु टाकीचा सगळा संसार त्या बुळबुळीवर चाललेला असतो. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर वाहून आणलेले नर्मदेचे पाणी क्लोरीन घालूनच आपल्या नळाला येते, आणि माणसांसाठी ते तसेच यायला हवे. पण त्या क्लोरीनने आणि आपल्या पिळण्याने स्पंजावरची वसाहत उठली. ती पुन्हा बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दरम्यान अमोनिया साचत गेला आणि नेमका त्याच दिवसांत इंदूरचा पारा चाळिशीकडे गेला. उष्णतेने येथे दोन्हीकडून घात केला आहे. अमोनियाचा जो भाग खरोखर विषारी असतो, तो सामू (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे हे सांगणारा आकडा, म्हणजे पीएच) ८ असलेल्या पाण्यात २० अंशांना सुमारे ४ टक्के असतो, तर ३० अंशांना साडेसात टक्क्यांच्या आसपास जातो; आणि लिटरभर पाण्यात २० अंशांना जेथे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तेथे ३० अंशांना साडेसातच मावतो. सशक्त फायर-बेलीड न्यूट एरवी पाण्यातच रमतो. तो दिवसभर काचेवर चढत असेल, तर त्याची तक्रार पाण्याविषयी आहे असे मी धरून चालतो.

तुरटीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पावसाळ्यात हा प्रयोग अनेक घरी होत असणार. तुरटीने मातीचा गाळ खाली बसतो हे खरेच आहे, पण आपल्या टाकीतला धुरकटपणा मातीचा नव्हता. अकस्मात वाढून पाण्यात तरंगणाऱ्या जीवाणूंचा तो असणार. तुरटीने पाणी आम्लतेकडे झुकते आणि अशा पाण्यात तिच्यातले ॲल्युमिनियम नाजूक कातडीला जाचते. हळद तर पाण्यात विरघळतही नाही. तिचे कण खड्यांच्या फटींत बसतात आणि कुजतात. आजीबाईच्या बटव्यातली ही दोन्ही औषधे माणसांसाठीच राहू द्यावीत.

पंजावरचा पुंजका बहुधा सॅप्रोलेग्निया नावाच्या पाणबुरशीचा आहे. ही बुरशी गोड्या पाण्यात जवळजवळ सर्वत्र असते, पण धडधाकट कातडीवर सहसा रुजत नाही. काचेवरून पुन्हापुन्हा घसरताना पंजाला खरचटले असेल आणि अशक्त जनावर पाहून तिने तेथे बस्तान मांडले असेल. भिंगातून पाहिल्यास पाण्यात पसरलेले बारीक तंतू दिसतील. न्यूट पाण्याबाहेर काढला की तेच तंतू ओल्या केसांसारखे चिकटून बसतात आणि पुंजका गेल्याचा भास होतो. म्हणून तो पाण्यातच पाहावा, आणि चिमट्याने कधीही ओढू नये, कारण बुरशीबरोबर खालची कातडीही निघून येते.

आता आजच करावयाचे काम. ज्यात कधी मसाला किंवा तेल ठेवलेले नाही असा पाच-सहा लिटरचा झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्यावा, साबण न लावता गरम पाण्याने धुवावा आणि त्याच्या झाकणाला बारीक भोके पाडावीत. झाकण विसरू नये; आजारी न्यूटदेखील गुळगुळीत भिंत चढून जातो आणि मग दोन दिवसांनी कपाटामागे वाळलेल्या स्थितीत सापडतो. डब्यात पाच-सहा सेंटिमीटर उंचीचे, म्हणजे सुमारे तीन लिटर पाणी घालावे, जेणेकरून श्वासासाठी वर येताना त्याला पोहावे लागणार नाही, आणि एका कोपऱ्यात मलमलीचे ओले फडके घडी करून असे ठेवावे की तिचा माथा पाण्याच्या वर राहील. पाणी बादलीत चोवीस तास उघडे ठेवलेले असावे आणि त्यात मत्स्यपालनाच्या दुकानात मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे क्लोरीननाशक थेंबही घातलेले असावेत. आपल्याकडे नळ एक दिवसाआड येत असल्याने साठवणीची सवय आहेच. त्यातल्या दोन बादल्या न्यूटच्या नावे बाजूला काढाव्यात. डब्यात फिल्टर नसल्यामुळे हे पाणी रोज पूर्ण बदलायचे आहे, आणि नवे पाणी जुन्याच्याच तापमानाचे असले पाहिजे.

न्यूटला हातात धरू नये. रुंद वाटी पाण्यात बुडवून त्याला तिच्यात येऊ द्यावे आणि पाण्यासकट उचलावे. आपल्या कोरड्या, उबदार तळव्याने त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो. उलट बाजूने, त्याची कातडीही आपल्यासाठी निर्धोक नाही. सायनॉप्स वंशाच्या न्यूटांमध्ये टेट्रोडोटॉक्सिन, म्हणजे केंड माशात असते तेच विष, सापडते. ते पोटात गेल्याशिवाय सहसा अपाय होत नाही, तरी काम आटोपल्यावर हात साबणाने स्वच्छ धुतल्यावाचून डोळ्यांना किंवा अन्नाला लावू नयेत.

डबा दिवाणखान्यात न ठेवता माजघरात न्यावा. जुन्या वाड्यातले माजघर जाड भिंतींमुळे आणि कमी उजेडामुळे घरातल्या इतर कोणत्याही खोलीपेक्षा थंड राहते, आणि आजारी न्यूटला अंधार हवासाच वाटतो. फरशीवर मोठी परात ठेवून तिच्यात पाणी घालावे, पाण्यात डबा ठेवावा आणि गोठवलेली लहान बाटली डब्यात न सोडता परातीत सोडावी. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असे वाटेल. ३१ अंशांच्या तीन लिटर पाण्यात पाव किलो बर्फ थेट विरघळला, तर तापमान आठ अंशांहून अधिक कोसळते, आणि असा धक्का उन्हाळ्यापेक्षाही वाईट. परातीतून थंडावा सावकाश झिरपतो. तासाला एक-दीड अंश अशा बेताने उतरत पाणी २० अंशांवर आणावे आणि १८ ते २० यांच्या दरम्यान टिकवावे. त्या खोलीत डासांसाठी विजेवर लावायचे द्रवाचे यंत्र असेल तर ते बंद करावे. त्यातल्या पायरेथ्रॉइड वर्गाच्या कीटकनाशकांचे माशांशी आणि उभयचरांशी हाडवैर आहे.

बुरशीवर मिठाचे स्नान द्यावे. आयोडीन न घातलेले साधे मीठ लिटरला ६ ग्रॅम या प्रमाणात, काट्यावर तोलून घ्यावे, कारण खड्याच्या आणि बारीक मिठाच्या चमच्यांत फार फरक पडतो. उपवासाचे सैंधव नको. त्यात मिठाखेरीज इतर खनिजेही असतात. उभयचरांच्या शरीरातल्या द्रवाची क्षारता ०.६ टक्क्यांच्या आसपासच असते, त्यामुळे या पाण्याचा न्यूटला जाच होत नाही, बुरशीला मात्र ते रुचत नाही. दिवसातून एकदा, दहा मिनिटे, असे चार दिवस करावे आणि तेवढा वेळ शेजारी बसून राहावे. तो तडफडू लागला तर लगेच साध्या पाण्यात सोडावा. याहून खारट पाणी पशुवैद्याने सांगितल्याशिवाय करू नये.

राहिली ती निळी बाटली. तिच्यात बहुधा मेथिलीन ब्लू असेल, पण माशांच्या औषधांत मॅलॅकाइट ग्रीन, फॉर्मॅलिन आणि तांब्याचे क्षारही असतात, आणि माशाला सोसणारी त्यांची मात्रा न्यूटला सोसेलच असे नाही. हे मी पुस्तकातून सांगत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या टाकीत गोगलगायी माजल्या, तेव्हा एका दुकानदाराने दिलेल्या औषधाचे दहा थेंब मी रात्री घातले आणि सकाळी आठ वर्षे सांभाळलेला न्यूट तळाशी उताणा पडलेला पाहिला. बाटलीवर तांब्याचा उल्लेख होता, बारीक अक्षरांत का होईना. तो मी वाचला दुसऱ्या दिवशी.

खाण्याची चिंता तूर्त करू नये. पोसलेला प्रौढ न्यूट दोन-तीन आठवडे उपाशी राहू शकतो, आणि पाणी थंड झाल्यावर भूक बहुधा आपली आपण परत येते. तोंड उघडून घास कोंबणे तर सर्वस्वी वर्ज्य समजावे. रोज सकाळी मात्र त्याला दाग-दागिने तोलण्याच्या छोट्या काट्यावर, पाण्याच्या वाटीसह, तोलून वजन लिहून ठेवावे. सराफ्याच्या गावात असा काटा मिळवणे कठीण जाऊ नये. एवढ्याशा जिवाचे एक ग्रॅम घटले, तर ते डोळ्याला दिसत नाही, काट्याला दिसते.

मी प्राणिशास्त्राचा निवृत्त शिक्षक आहे, पशुवैद्य नाही. चार-पाच दिवस पाणी थंड व स्वच्छ राहूनही पुंजका वाढला, पोट फुगले, पायांच्या आतल्या बाजूला किंवा शेपटीखाली रक्ताळलेले चट्टे उठले, किंवा हलकेच उताणा केल्यावर तो सुलटा होईना, तर घरगुती उपाय तेथेच थांबवावेत. एरोमोनाससारख्या जीवाणूंचा संसर्ग शरीरभर पसरला की अशी लक्षणे दिसतात आणि त्यावर प्रतिजैविकच लागते. कोणते आणि किती, हे वजन पाहून पशुवैद्य ठरवतो. इंदूरजवळच्या महूला १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जवळचा पशुवैद्य न्यूटला हात लावण्यास कचरत असेल, तर तेथे विचारणा करून मगच जावे. न्यायचे झाल्यास पहाटे, ओल्या फडक्यात नव्हे तर डब्यातल्या पाण्यातच, आणि पाण्याच्या चाचण्यांचे आकडे लिहिलेला कागद बरोबर घेऊन.

कातडीचे आणखी एक दुखणे आहे, ते म्हणजे कायट्रिड बुरशी. तिच्या एका जातीचे वर्णन १९९९ मध्ये झाले. दुसरी, जी विशेषकरून न्यूट आणि त्यांचे भाऊबंद सॅलॅमँडर यांना ग्रासते, ती २०१३ मध्ये ओळखली गेली, आणि नेदरलँड्समधले फायर सॅलॅमँडर तिने जवळजवळ संपवले. आशियातून पाळीव प्राण्यांच्या व्यापाराबरोबर ती युरोपात गेली असे मानले जाते. ती कापसासारखी दिसत नाही, आणि तिचे निदान प्रयोगशाळेतच होते. आपला न्यूट निदान फेब्रुवारीपासून एकटा आहे, त्यामुळे मला तिचा संशय येत नाही. परंतु त्यापूर्वी टाकीत नवे जनावर किंवा दुसरीकडच्या वनस्पती आल्या होत्या का, हे नातवालाच ठाऊक असणार. तेवढ्यासाठी तरी त्याला आजच कळवावे. त्याचा जीव आधी टांगणीला लागेल, पण न्यूटचे वय, त्याचे नेहमीचे खाणे आणि गेल्या उन्हाळ्यात पाणी कसे थंड ठेवले होते, हे दुसरे कोण सांगणार?

मूळ टाकी रिकामी करू नये. हळद बसलेले खडे रबरी नळीने उपसून काढावेत, क्लोरीन काढलेल्या पाण्याने अर्धे पाणी बदलावे आणि फिल्टर अखंड चालू ठेवावा. जीवाणूंना खाद्य म्हणून दोन दिवसांआड चिमूटभर माशांचे खाद्य टाकत राहावे. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही सलग आठवडाभर शून्य आली की टाकी न्यूटला घ्यायला सिद्ध झाली. त्यानंतर दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलणे पुरे, आणि स्पंज धुवायचाच तर त्या काढलेल्या जुन्या पाण्यात दोनदा दाबून सोडावा. टाकी खिडकीपासून हलवावी, पण रिकामी असतानाच. भरलेली टाकी उचलली की काचेचे सांधे सुटतात. म्हणजे ते काम पुढच्या हिवाळ्यावर टाकून तूर्त खिडकीला वाळ्याचा पडदा लावावा. पाण्याच्या पृष्ठभागावरून वारा जाईल असा छोटा पंखा लावल्यास मे महिन्याच्या कोरड्या हवेत दोन ते चार अंश सहज उतरतात. पावसाळ्यात हवा दमट झाल्यावर ही युक्ती निकामी होते आणि गोठवलेल्या बाटल्यांवरच भिस्त ठेवावी लागते. चाळीस लिटरच्या टाकीत लिटरभर बर्फाची बंद बाटली वितळली की सुमारे अडीच-पावणेतीन अंश कमी होतात, या हिशेबाने बाटल्या ठरवाव्यात.

प्रश्न : आम्ही घरात मांसाहार करीत नाही. मुलीने हट्टाने न्यूट आणला. त्याला पनीर, भिजवलेली डाळ किंवा पोळीचे तुकडे चालतील का?
एक वाचक, सुदामानगर

उत्तर : नाही. न्यूट हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे, आणि पनीर किंवा पोळी त्याने चुकून गिळली तरी तिचा उपयोग पाणी नासवण्यापलीकडे होत नाही. गांडूळ हे त्याचे सर्वांत सकस अन्न. ते रासायनिक खत किंवा कीटकनाशक न पडलेल्या कुंडीतले असावे आणि धुऊन, तुकडे करून द्यावे. ते मनाला येत नसेल, तर गोठवलेल्या ब्लडवर्मच्या, म्हणजे पाण्यातल्या लाल अळ्यांच्या, वड्या मिळतात. एक वडी वाटीभर पाण्यात वितळवून, गाळून, बोथट चिमट्याने त्याच्या नाकासमोर हलवावी. नाल्यातून काढलेले ट्युबिफेक्स नावाचे बारीक लाल किडे जिवंत आणि स्वस्त मिळतात, पण त्यांच्याबरोबर नालाही घरात येतो. प्रौढ न्यूटला आठवड्यातून दोन-तीनदा खाणे पुरते. या वड्या श्रीखंडाच्या शेजारी ठेवण्यावरून आपल्या घरी काय बोलणी होतील याची कल्पना आहे. त्यासाठी घट्ट झाकणाचा, नाव लिहिलेला वेगळा डबा करावा.

प्रश्न : आमच्या दोन न्यूटांपैकी एकाने खाण्याच्या झटापटीत दुसऱ्याच्या पुढच्या पायाचा पंजा तोडला. तो आता जन्मभर लंगडा राहील का?
एक विद्यार्थी, टिळकनगर

उत्तर : बहुधा राहणार नाही. सॅलॅमँडरांना तुटलेली शेपटी आणि पाय पुन्हा फुटतात हे इटलीतले निसर्गशास्त्रज्ञ स्पालान्झानी यांनी १७६८ मध्येच नोंदवले होते. पहिल्या काही दिवसांत जखमेवर पातळ कातडी येते, मग तेथे फिकट रंगाचा छोटा कोंब दिसू लागतो, आणि पुढे त्यातूनच बोटे वेगळी होतात. प्रौढ न्यूटला याला काही आठवडे ते काही महिने लागतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात जपानी न्यूटच्या डोळ्यातले भिंग सोळा वर्षांत अठरा वेळा काढले गेले आणि अठराही वेळा ते नव्याने तयार झाले. शेवटचे भिंग तरुण न्यूटच्या भिंगाइतकेच चांगले होते. तेव्हा कोंबाला पांढरी बुरशी समजून औषध लावू नये. त्याला वेगळ्या डब्यात, वर सांगितल्याप्रमाणे थंड आणि रोज बदललेल्या पाण्यात ठेवावे, आणि कापसासारखे तंतू दिसले तरच मिठाच्या स्नानाकडे वळावे. दोघांना पुन्हा एकत्र केल्यावर दोन चिमट्यांनी दोन टोकांना, एकाच वेळी खाऊ घालावे.

प्रश्न : एक परिचित दार्जिलिंगकडून न्यूटची जोडी आणून देतो म्हणतात. डोंगरातला न्यूट इंदूरच्या उन्हाळ्यात जगेल का?
एक वाचक, लोकमान्यनगर

उत्तर : प्रश्न उन्हाळ्यापर्यंत जातच नाही. पूर्व हिमालयातला हा न्यूट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. तो पकडणे, विकणे आणि घरी बाळगणे हे सारे गुन्हे आहेत. परिचितांना नाही म्हणून सांगावे. ज्यांच्याकडे आधीपासून परदेशी न्यूट आहेत आणि ते सांभाळणे होत नाही, त्यांनीही ते सिरपूर किंवा यशवंत सागरात सोडू नयेत. या दोन्ही पाणथळ जागा २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आहेत, आणि वर सांगितलेल्या कायट्रिडसारखे रोग तेथल्या बेडकांना नकोत.

रामबागेच्या आजींच्या ता. क. चे उत्तर राहिले. निरोगी टाकीतून बदललेल्या पाण्यात नायट्रेट असते आणि कुंडीतल्या तुळशीला ते मानवतेच, म्हणून आजवर घातलेल्या पाण्याची काळजी नको. सध्या मात्र डब्यातले पाणी बुरशीचे आहे आणि स्नानाचे पाणी खारट आहे. ते दोन्ही बादलीत गोळा करून, चमचाभर ब्लीचिंग पावडर घालून, तासाभराने मोरीत ओतावे. तुळशीला महिनाभर नळाचे शिळे पाणी द्यावे.